ठकूबाईची अर्धी माळ

कवठसांगवीच्या जत्रेत ट्रकमधून बैल उतरायला लागले, त्याच्या फार फार आधीची ही गोष्ट. तेव्हा बैल पायीच यायचे. टेकाडावरच्या म्हसोबाची चैत्रातली जत्रा, आणि पायथ्याशी बैलबाजार. लांबलांबच्या गावांहून माणसं निघायची. वेस दिसली की आधी ओढ्यावर थांबायची, बैल धुवायची, शिंगं रंगवायची आणि गळ्यात माळ घालूनच बाजारात शिरायची. बिनमाळेचा बैल बाजारात आणणं म्हणजे नवरदेवाला बनियनवर मांडवात उभं करणं.

त्या बाजारात चिंचेच्या झाडाखाली एक बाई बसायची. ठकूबाई ओतारीण तिचं नाव. ओतारी म्हणजे पितळ वितळवून साच्यात ओतणारे. बाप ओतारी होता, नवराही ओतारी होता, आणि दोघंही लवकर गेले. मागे भट्टी राहिली, ती ठकूबाईनं थंड होऊ दिली नाही. तिनं बैलांचे दागिने करायला घेतले. मेणाचा घुंगरू वळायचा, त्यावर माती थापायची, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं. मग साचा फोडायचा. साचा फोडल्याशिवाय घुंगरू बाहेर येत नाही, आणि फुटलेला साचा पुन्हा कामाला येत नाही. म्हणून तिचा एक घुंगरू दुसऱ्यासारखा कधी झाला नाही. कानशीनं घासून, कानाशी हलवून, मनासारखा बोलला की मगच ती तो अंबाडीच्या दोरीत ओवायची. मध्ये कवड्या, खाली लोकरीचे लाल गोंडे.

मी ह्याच बाजारात दोर-कासऱ्यांचं दुकान लावतो, म्हणून सांगतो. माल पुढ्यात आहे, गिऱ्हाईक समोर आहे, आणि दुकानदार द्यायला तयार नाही, हे मी कुठं पाहिलेलं नाही. ठकूबाई तसं करायची. कुणी माळेला हात घातला की ती म्हणायची, "आधी बैल चालव."

बैल समोरून चालवत न्यायचा, परत आणायचा. ती डोळे मिटून ऐकायची. बैलाच्या चालीवरून ती घुंगरू निवडायची. जड चालीला भारदस्त, चपळ चालीला बारीक.

एकदा एक शेतकरी बैलाला नखशिखान्त सजवून आला. ठकूबाईनं डोळे न उघडताच सांगितलं, "मागचा डावा पाय उचलून टाकतोय. खुरात काटा आहे. आधी तो काढ, मग दागिना घाल."

तो म्हणाला, "माय, तू न बघताच सांगतीस?"

"बघितलं असतं तर तुझा फेटाच दिसला असता," ठकूबाई म्हणाली.

बायका कौतुकानं म्हणायच्या, ठकूबाई, आम्हालाही कर की गं एखादी माळ. ती हसून सांगायची, "तुमच्या दागिन्याला मिरवायचं असतं बायांनो. माझ्या दागिन्याला नांगर ओढायचा असतो."

असं म्हणतात, तिची माळ गळ्यात असली की बैल थकला तरी चाल मोडत नसे. असंही म्हणतात, की पाऊस ओढ्याच्या पलीकडे असतानाच तिचे घुंगरू ओले झाल्यासारखे वाजत. दुसऱ्याची खात्री मी देत नाही. पहिल्याची देतो.

आता ह्या बाजाराची तेव्हाची एक रीत ध्यानात ठेवा. बैल विकला तरी माळ विकायची नाही. सौदा ठरला की विकणाऱ्यानं माळ आपल्या हातानं उतरवायची आणि घरी न्यायची. माळ बैलाबरोबर गेली तर घराची बरकतही जाते, असं मानत. घेणाऱ्यानं आपल्या घरची नवी माळ घालायची.

त्या वर्षी केराबाई नावाच्या बाईनं आपली जोडी विकली. हौशा आणि गुलब्या. नवरा गेला होता, पोरबाळ नव्हतं, नांगर धरायला घरात कुणी उरलं नव्हतं. रान तिनं बटईनं, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, दिलं. बैल मात्र कुणालाही द्यायला ती तयार नव्हती. शेवटी व्यंकटराव देशमुखांनी घेतले. त्यांच्या वाड्यावर वैरणीला तोटा नव्हता, एवढंच तिनं पाहिलं. दोन्ही माळा उतरवल्या, पदरात बांधल्या आणि मागं न बघता घरी गेली. त्या माळा ठकूबाईच्याच हातच्या होत्या. त्या दोन माळांचा आवाज असा जुळलेला होता, की जोडी चालायला लागली म्हणजे एकानं विचारावं आणि दुसऱ्यानं उत्तर द्यावं.

देशमुखांनी जोडीला चांदीच्या घुंगरांच्या माळा घातल्या. सोनाराकडून एका मापाच्या करून घेतलेल्या. पण बैल काही रुळेनात. वैरण खात होते, अंगानं भरले होते, पण जुंपले की चार पावलं टाकून उभे राहायचे. गडी चुचकारून थकले, चाबूक उगारून थकले. वर्ष गेलं. पुढच्या जत्रेला देशमुख स्वतः चिंचेखाली आले. तिथं केराबाई ठकूबाईच्या शेजारी बसली होती. वर्षातून एकदा तरी आपले बैल लांबून दिसावेत म्हणून ती आली होती, आणि माळा तिच्या पदरात होत्या.

देशमुख म्हणाले, "केराबाई, त्या माळा दे. मागशील ते देतो."

केराबाई मान खाली घालून म्हणाली, "बैल दिले, दादा. आता एवढंच राहिलंय घरात."

देशमुखांनी तिला जास्त गळ घातली नाही. ते ठकूबाईकडं वळले. "मग तू तशाच दुसऱ्या करून दे."

"तशा होणार नाहीत. साचा फुटला."

"तू मनावर घेतलंस तर होतील, अख्खा बाजार सांगतो."

"मनावर घेतलं तर होतील," ठकूबाई म्हणाली, "पण करणार नाही. एक आवाज दोन ठिकाणी असला तर बैलाचा जीव दोन दावणींना बांधला जातो. त्याला जुनं विसरू द्या. विसरला की चालेल."

नाही हा शब्द देशमुखांनी फार कमी वेळा ऐकला होता, आणि भर बाजारात तर कधीच नाही. भोवती माणसं जमली होती. एकजण पुटपुटला, "देशमुखांच्या बैलांचं आणि ह्या बाईचं एकच. जागचे हलत न्हाईत." माणसं हसली. जत्रेच्या जागा वाटून देणं देशमुखांच्याच हातात होतं. त्यांनी चिंचेखालची जागा तिथल्या तिथं शहरातून आलेल्या एका व्यापाऱ्याला दिली. त्याच्याकडं एका साच्यातले घुंगरू पोत्यानं होते.

ठकूबाई भांडली नाही. माळा गोणपाटात गुंडाळल्या आणि टेकाडाच्या मागं जाऊन बसली. तिकडं गिऱ्हाईक जात नाही, कारण तिकडं खोल घळ आहे. केराबाई तिच्याबरोबर गेली. माझ्यामुळं तुझा धंदा बसला, असं ती वाटेत म्हणाली. ठकूबाई म्हणाली, "बसू दे थोडा. तोही उभा राहून दमला असंल."

दुपार कलली, आणि वारा फिरला.

चैत्रातलं धुळीचं वादळ ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. आधी क्षितिज तांबडं झालं, मग दिसेनासं झालं. पालं उडाली, दोर तुटले, बाजारातले बैल उधळले. स्वतःचा हात दिसेना. देशमुखांची दमणी, म्हणजे बसायची छपराची बैलगाडी, बाजाराच्या कडेला उभी होती. जोडी तीच, हौशा आणि गुलब्या, गड्यांनी ढकलत-ओढत कशीबशी बाजारापर्यंत आणलेली. गाडीवान खाली उतरलेला, आणि गाडीत देशमुखांची पाच वर्षांची लेक, गोदू, एकटी. पाल फडफडत बैलांच्या तोंडावर आलं, आणि वर्षभर जागचे न हलणारे बैल सुटले ते घळीच्या दिशेनं.

देशमुख धुळीत धावत होते. लेकीच्या नावानं हाका मारत होते. वाऱ्यात हाक तोंडातून निघते आणि तिथंच विरते. ठेचकाळत, पडत, ते टेकाडाच्या मागं पोचले तर समोर ह्या दोघी, पदर तोंडाला बांधून बसलेल्या.

"गाडी गेली का इकडून? गोदू आहे आत."

ठकूबाईनं हातानं त्यांना गप्प केलं आणि डोळे मिटले. त्या वादळात डोळे उघडे ठेवूनही काही दिसत नव्हतं, पण तिनं मिटले. सगळा बाजार एकाच वेळी वाजत होता. शेकडो माळा, सगळीकडून. असं म्हणतात, की तिनं त्यातला एकेक आवाज हातानं बाजूला सारावा तसा बाजूला सारला, आणि तळाला किणकिणणारी चांदी ऐकली. चांदीच्या खाली पावलं ऐकली.

"हौशा पुढं ओढतोय. घळीच्या कडेकडेनं चाललेत. धरायला जाऊ नका, बुजतील." मग केराबाईकडं वळून म्हणाली, "माळा काढ."

केराबाईनं पदर सोडला. दोन्ही हातांनी माळा हलवायला लागली. घुंगरू नुसते खुळखुळत होते.

"अशी नको," ठकूबाई म्हणाली. "खुळखुळा आहे का तो? ही माळ चालल्यावर बोलते. गळ्यात घाल आणि चाल. नांगराच्या चालीनं चाल."

केराबाईनं बैलांच्या माळा स्वतःच्या गळ्यात घातल्या. तासाच्या, म्हणजे नांगराच्या सरीच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपला नवरा आणि आपले बैल कसे जायचे, हे तिनं बांधावर भाकरी घेऊन बसून आयुष्यभर पाहिलं होतं. तशी ती चालायला लागली. जड पाऊल, मग थोडी ओढ, पुन्हा पाऊल. टोकाला जाऊन वळायचं, पुन्हा परत. एका माळेनं विचारलं, दुसरीनं उत्तर दिलं. धुळीत ती बाई दिसत नव्हती, फक्त एक जोडी रान नांगरतेय असा आवाज येत होता.

देशमुख गुडघ्यांवर बसले होते. मोठ्यानं श्वास घेतला तरी आवाज मोडेल अशी त्यांना भीती वाटत होती.

चांदीची किणकिण थांबली. मग पुन्हा सुरू झाली, पण आता सावकाश, आणि जवळ येत. तांबड्या धुळीतून आधी दोन रंगवलेली शिंगं आली, मग आणखी दोन. हौशानं केराबाईच्या खांद्यावर तोंड ठेवलं. गुलब्या तिच्या गळ्यातली माळ हुंगायला लागला. गाडीचं एक चाक घळीच्या कडेला घासून निम्मं फुटलं होतं. गोदू आत गादीखाली शिरून बसली होती. बापानं उचलल्यावर म्हणाली, "आबा, बैलांना कुणी बोलावलं?"

वादळ ओसरल्यावर माणसं जमली. देशमुखांनी स्वतः बैलांच्या मानेवरचं जू सोडलं. मग म्हणाले, "केराबाई, बैल घेऊन जा. ते तुझेच आहेत."

केराबाई म्हणाली, "नेऊन काय करू, दादा? दावणीला नुसते उभे करू? बैलाला काम पाहिजे. तुम्हीच न्या." आणि तिनं दोन्ही माळा गळ्यातून काढून पुढं केल्या. रीत मोडत होती, तरी पुढं केल्या. पण तिची मूठ काही उघडेना. देशमुखांनी हात पुढं केला आणि ती मूठ बघून मागं घेतला.

ठकूबाईनं कमरेचा चाकू काढला. केराबाईची मूठ आपल्या हातात घेतली आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना दोरी कापली, आधी एका माळेची, मग दुसरीची. प्रत्येक माळ अर्धी झाली. अर्ध्या दोन तिनं नव्या दोरीत ओवून बैलांच्या गळ्यात बांधल्या. अर्ध्या दोन केराबाईच्या पदरात.

कुणीतरी म्हणालं, "ठकूबाई, सकाळीच तर म्हणालीस, एक आवाज दोन ठिकाणी नको. बैलाचा जीव दोन दावणींना बांधला जातो."

ठकूबाई दोरीला गाठ मारत म्हणाली, "तो बांधलेलाच होता. मला वाटलं, विसरंल. मीच चुकले."

देशमुखांनी चांदीच्या माळा म्हसोबाला वाहिल्या. फुटक्या चाकाची गाडी तिथंच ठेवून ते लेकीला खांद्यावर घेऊन पायी निघाले. पुढं हौशा आणि गुलब्या, आणि त्यांच्या शेजारून वेशीपर्यंत केराबाई. वेशीवर बैल थांबले. केराबाईनं पदरातल्या अर्ध्या माळा एकदा वाजवल्या, आणि ते पुढं चालायला लागले. त्यानंतर नांगराला ते कधी अडले नाहीत, असं म्हणतात. आणि सुगी झाली की देशमुखांचा गडी जोडी घेऊन केराबाईच्या दारावरून जायचा, मुद्दाम वाकडी वाट करून.

ठकूबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंचेखाली बसली. पुढं कितीतरी वर्षं बसली. अगदी म्हातारी झाल्यावर दिसेनासं झालं, तर म्हणाली, आता कामात लक्ष लागेल. एका जत्रेला ती आली नाही. तिच्या घरी माणूस गेला तर भट्टी कोमट होती आणि ती नव्हती. असं म्हणतात, की त्या सकाळी पंचक्रोशीतले सगळे बैल दावणीत एकदम उभे राहिले, आणि वारा नसताना प्रत्येकाच्या गळ्यातली माळ एकदाच वाजली. कुणीतरी समोरून चालत जाऊन त्यांची चाल ऐकून घ्यावी, तशी.

चिंचेखालची ती जागा अजून कुणाला देत नाहीत. बाजार सुरू करायच्या आधी सगळ्यात वयस्कर शेतकरी आपला बैल तिच्यासमोरून चालवत नेतो आणि परत आणतो. तोवर आम्ही दुकानं उघडत नाही.

आणि आमच्या बाजारात माळ आता कापतात. सौदा ठरला, हातावर हात पडला, तरी बैल हलत नाही. आधी माळ मधोमध कापायची. अर्धी बैलाच्या गळ्यात, अर्धी विकणाऱ्याच्या हातात. हल्ली बैल कमी झाले. गेल्या वर्षी एकानं जुना ट्रॅक्टर विकला, त्याच्या बोनेटवर बापाच्या बैलाची माळ बांधलेली होती. मी कासरा कापायचा चाकू त्याला दिला. त्यानं तीही कापली.

बैल विकलेला माणूस अर्धी माळ घेऊन दुकानांच्या रांगेतून परत जातो, तेव्हा ती त्याच्या चालीनं वाजते. आम्ही व्यापारी माणसं. समोरून रिकाम्या हातानं जाणाऱ्या माणसाला हाक मारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. पण त्या माणसाला कुणी हाक मारत नाही. ओरडणारा भजीवालासुद्धा झारा कढईत तसाच धरून गप्प होतो. घुंगरू वेशीपलीकडं ऐकू येईनासे झाले, की मग पुन्हा बाजार सुरू होतो.