कोंडाबाईंचा डावा खांदा

चित्रकला महाविद्यालयात कोंडाबाईंचं काम एकच होतं, मॉडेल म्हणून न हलता बसायचं. बावीस वर्षं त्या बसत होत्या. वार्षिक परीक्षेच्या दिवशीही सकाळी दहापासून स्टुलावर होत्या. दुपारी तीनला बाहेरचे परीक्षक, प्राध्यापक उपळेकर, चित्रं तपासायला आले. वर्षभर प्लास्टरचे पुतळे काढलेल्या पोरांनी तेच ताठ खांदे कोंडाबाईंना चिकटवले होते. एकट्या प्रांजलच्या चित्रात डावा खांदा खाली उतरलेला होता.

"शरीररचना कच्ची आहे," उपळेकर म्हणाले. "माणूस असा बसत नाही. नापास."

वाद घालायचं त्राण प्रांजलमध्ये उरलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, कसा बसतो ते तुम्हीच बसून दाखवा. मी पुन्हा काढते."

सगळा वर्ग बघत होता, उपळेकरांना नाही म्हणवेना. कोंडाबाईंना उठवून ते छाती काढून स्टुलावर बसले. प्रांजलने नवा कागद लावला, सावकाश पेन्सिलीला टोक केलं आणि केसांपासून सुरुवात केली. अर्ध्या तासाने ती भुवयांपर्यंत पोचली. आणखी अर्ध्या तासाने हनुवटी झाली.

कोंडाबाई भिंतीला टेकून, एका हाताने गुडघा चोळत, गार झालेला चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"साहेब," त्या दमल्या आवाजात म्हणाल्या, "डावा खांदा तेवढा वर घ्या. नाहीतर पोरगी परत नापास व्हायची."