नानांच्या टीव्हीची वायर

एका गावात एक भोळा गडी होता, भिवा नावाचा. सांगितलेला शब्द तो कधी विसरत नसे. गावाची अडचण तीच होती.

लग्नात लाइट, स्पीकर, कॅमेरा लावणाऱ्या रंगाअण्णांच्या हाताखाली तो काम करी. त्या दिवशी हौसाचं लग्न होतं. मांडव देवळापुढं, आणि तिचे टकले आजोबा, नाना, मांडीचं हाड मोडून गल्लीच्या टोकाला घरात खाटेवर. नाना म्हणाले, "नातीवर अक्षता पडताना बघायच्यात. मग काय व्हायचं ते होऊ दे."

अण्णांनी युक्ती काढली. कॅमेऱ्याजवळ एक पेटी, नानांच्या टीव्हीजवळ दुसरी, मध्ये नेटची वायर. या पेटीत चित्र शिरणार, त्या पेटीतून निघणार.

"भिवा, वायर ओढ. पण मुडपू नको. सरळ ने."

भिवानं सरळ नेली. सोनाकाकूंच्या एका खिडकीतून आत, चुलीवरून, दुसऱ्या खिडकीतून बाहेर. काकूंचं ताक सांडलं.

"अरे शहाण्या, कुणी आडवं आलं तर वळसा घालावा!"

"बरं अण्णा."

भिवानं वळसे घातले. विहिरीला घातला. रवंथ करणाऱ्या म्हशीला घातला. पारावरच्या म्हाताऱ्यांना तर प्रत्येकाला वेगळा घातला. वायर पुरेना, तेव्हा मध्ये इंटरनेटची पेटी लावून दुसरी वायर जोडली.

अण्णांनी कपाळ बडवलं. त्या मधल्या पेटीतून चित्र पुढं जाईना; ती काढून वायरींना साधा जोड दिला. "दोन टोकांच्या मध्ये काही आडवं ठेवायचं नसतं! दिसलं की काढून टाकायचं!"

"बरं अण्णा."

भिवा मांडवात आला. मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या. या टोकाला नवरा, त्या टोकाला नवरी, आणि मध्ये कापड आडवं! भिवानं ते ओढून काढलं.

नवरा लाजला. भटजी किंचाळले, "अरे मेल्या, मुहूर्त व्हायचाय!" पुन्हा अंतरपाट धरला. पुन्हा पहिल्यापासून मंगलाष्टका.

"जा, नानांजवळ बस!" अण्णांनी त्याला हाकललं.

भिवा नानांजवळ बसला. थोड्या वेळानं त्यानं फोन लावला. "अण्णा, चित्र येतंय नि जातंय."

"तुझ्या वळशांनी अंतर वाढलंय रे! अंतर कमी कर, लवकर!" अण्णा ओरडले आणि खरखरणारा स्पीकर बघायला पळाले.

भिवानं चौघांना हाक मारली. खाट खांद्यावर, नाना खाटेवर, टीव्ही नानांच्या पोटावर. वाटेत लोकांनी टोप्या काढल्या.

"अरे, जिता हाय मी!" नाना ओरडले.

खाट थेट कॅमेऱ्यापुढं टेकली. टीव्ही पायथ्याशी, आखूड वायरीनं जोडला. चित्र कसं लख्ख! नानांनी मान वळवून नातीकडं बघितलं. भिवानं ती हळूच परत फिरवली. "इकडं बघा नाना. तिकडं वायर नाही."

नानांनी टीव्हीकडं बघितलं. "भिवा, हौसा दिसंना की. हा कोण टकल्या मध्ये बसलाय?"

भिवानं निरखून बघितलं. खरंच, टकल्या होता. अगदी मधोमध, आडवा. त्याला अण्णांचा शब्द आठवला.

"उचला रे!"

खाट घरच्या उंबऱ्याला लागली, तेव्हा इकडं मांडवात अक्षता पडत होत्या. भिवा तिथंच टीव्हीपुढं मांडी घालून बसला होता. अण्णा धापा टाकत आले.

"अण्णा," भिवा हरखून म्हणाला, "आडवं होतं ते काढलं. आता नानांना म्हणावं, या बघायला!"