गोडावणचं पाऊल

"मग पागोटं कधी बांधणार, उस्ताद?"

सुमारबाबा खाली वाकलेले होते. ते उंटाच्या पायातला काटा काढत होते.

वीरमने पुन्हा विचारलं.

"ऐकू आलं," बाबा म्हणाले. "काटा निघू दे."

थरच्या वाळवंटात वाळूवरचा माग काढणाऱ्याला पगी म्हणतात. चोरी झाली, जनावर हरवलं, की त्याला बोलावतात. तो पाऊल बघतो आणि सांगतो. गाव ते मानतं. पण पगीच्या डोक्यावर त्याच्या उस्तादाने बांधलेलं पागोटं लागतं. ते नसेल तर त्याच्या शब्दाला कुणी विचारत नाही.

सुमारबाबा त्या मुलखातले जुने पगी. वीरम त्यांचा शेवटचा शिष्य. उंटवाल्या रबाऱ्यांच्या घरातला, मिशा फुटलेला, लग्न झालेला गडी. हुशार होता. आणि आपण हुशार आहोत हे त्याला फार ठाऊक होतं.

"सासरा बायकोला पाठवत नाही," तो म्हणाला. "म्हणतो, आधी पगी हो, मग न्यायला ये."

"सासरा शहाणा आहे."

"चेष्टा नको, उस्ताद. माझ्यात काय कमी आहे ते सांगा. तो बघा, तिकडून कोल्हा गेलाय. मागचा पाय दुखरा आहे त्याचा. इथं घोरपडीची शेपटी घासलीय. त्या कैराच्या काटेरी झुडपापाशी हरणी उभी होती. गाभण आहे."

"बरं."

"बरं काय? या वाळूवर जे पाऊल टाकेल ते मी ओळखतो."

काटा निघाला. बाबांनी तो लांब फेकला आणि उंटाच्या मानेवर थाप मारली.

"मग गोडावणचं पाऊल दाखव. दाखवशील त्या दिवशी पागोटं बांधतो."

वीरमने चमकून बघितलं.

गोडावण म्हणजे आपल्याकडचा माळढोक. कमरेइतका उंच पक्षी. चालतो असा, की सगळं रान त्याच्या नावावर आहे. एके काळी आपल्या माळांवरही होता. आता पोरांना तो कसा होता ते सांगावं लागतं.

"तो आता इकडे नाही, उस्ताद."

"ओरणात असायचा."

ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड चालत नाही.

"असायचा. मी जन्मात बघितला नाही."

"मग बघ," बाबा म्हणाले. आणि उंटाला घेऊन पाण्यावर गेले.

वीरम रोज ओरणात जाऊ लागला. उन्हाने काळा पडला. सासरहून निरोप आला, त्याला उत्तर दिलं नाही. बाबांनीही काही विचारलं नाही.

मग एका दुपारी तो धावतच आला.

"सापडलं, उस्ताद."

बाबा उठले. उठताना त्यांचा हात भिंतीला लागला. एरवी लागत नसे.

दोघे ओरणात गेले. एका खेजडीच्या झाडापलीकडे, मोकळ्या वाळूत, लाकडी परात पालथी घातलेली होती. वाऱ्याने माग मोडू नये म्हणून पगी पावलावर परात घालतात. तिकडची रीतच आहे ती.

वीरमने परात उचलली.

तीन बोटांचं मोठं पाऊल. मागे बोट नाही. कडा स्वच्छ.

बाबांनी जोडे काढले...

उभ्या उभ्याच ते बघत राहिले.

"तुझ्या बापाची वरात इथूनच गेली होती," ते म्हणाले. "पुढून गोडावणची मादी आडवी आली. मागे पिल्लू. तुझा बाप उंटावर नटून बसलेला. ढोलवाल्याने टिपरी वरच धरली. ती निवांत चालली होती. मध्येच थांबून किडे वेचत होती. भटजी मुहूर्त मुहूर्त करत होता. तुझा आजा त्याला म्हणाला, टळू दे. ती पार होईस्तोवर कुणी हललं नाही."

वीरमने हे कधी ऐकलं नव्हतं.

"पावसाच्या दिवसांत नर हुंकार द्यायचा. लांबून ऐकू यायचा. माझी आई जातं थांबवायची. म्हणायची, ऐक... बोलतोय."

बाबांचे डोळे भरले होते. ते हळूच खाली बसले.

"एकच पाऊल?"

"बाकीची वाऱ्याने पुसली, उस्ताद."

"वारा तुझ्या ओळखीचा दिसतो. परात आणेपर्यंत एक राखून ठेवलं त्याने."

वीरम दुसरीकडे बघू लागला.

बाबांनी आपला उजवा हात पुढे केला. तीन बोटं फाकवली आणि त्या पावलाच्या शेजारी वाळूत दाबली. हात उचलला.

दोन्ही ठसे सारखे होते. दोन्हींत मधलं बोट डावीकडे वाकलेलं होतं.

वीरमला हे पाऊल शिकवायचं म्हटलं तर दाखवायला पक्षी नव्हता. म्हणून बाबांनी अशीच आपली बोटं दाबून दाखवलं होतं. वीरमने ते नीट पाठ केलं होतं. काडीने कोरलंही तसंच.

"गोडावणचं बोट सरळ असतं," बाबा म्हणाले. "हे माझं आहे. उंटाने दोराला हिसका दिला तेव्हा मोडलेलं."

वीरम खाली बसला. दोन्ही ठशांवरून बोट फिरवलं.

"परात उचलली तेव्हाच कळलं तुम्हाला?"

"नाही. खाली बसल्यावर कळलं."

"मग ते वरातीचं..."

"तेव्हा मी उभा होतो."

वीरमने तोंड पुसलं. हाताला वाळू होती, ती तोंडाला लागली.

"पागोटं नको मला, उस्ताद. सासऱ्याला सांगतो, पोरीला दुसरीकडे द्या. पगी व्हायला मी खोटा माग काढला. उद्या याच हाताने कुणाच्या माथी चोरी मारीन."

बाबांनी हाताची वाळू झटकली.

वीरम उठला. पाऊल पुसायला त्याने पाय उचलला.

"पुसू नको."

पाय तसाच राहिला.

"खोटं आहे ते, उस्ताद."

"आहे."

"मग कशाला ठेवायचं?"

बाबांनी जोडे पायात घातले. परात उचलून काखेत मारली. पाऊल उघडंच ठेवलं. मग वर, रिकाम्या आभाळाकडे बघितलं.

"कुठून तरी उडत जाईल एखादा. त्याला वाटू दे, आपल्यातलं कुणी इथं उतरलंय."

वीरमने खाली बघितलं. वाळू सरकायला लागली होती. एक कड ढासळली.

"सकाळपर्यंत वारा पुसून टाकेल."

बाबा चालू लागले होते. मागे न बघता म्हणाले,

"मग उद्या परत काढ. आणि मधलं बोट सरळ काढ."