वाहक नसलेले दिवस

देवांनी मक्याच्या पिठापासून माणूस घडवला, त्याच्या मुखात वाणी आणि उदरात भूक घातली, आणि या दोहोंचा ताप शेवटी आपल्यालाच होणार हे ध्यानी येताच ते पस्तावले. त्या पस्ताव्याच्या युगातली ही कथा आहे. आज ज्याला मेक्सिको म्हणतात त्या देशाच्या आग्नेयेस, तीन अंगांनी सागराने वेढलेली चुनखडीची एक सपाट भूमी आहे. तिथे पर्वत नाही, वाहती नदी नाही. जमीन मध्येच खचून झालेली अगाध, नीलवर्ण विवरे आहेत, आणि त्यांच्या तळाशी जे शीतल जल आहे त्यावरच तिथली माणसे, पशुपक्षी आणि भाविकांचे ऐकाल तर देवसुद्धा तहान भागवतात.

त्या काळी दिवस आपोआप उगवत नसे; तो वाहून न्यावा लागे. प्रत्येक दिवसाचा एक वाहकदेव असे. पूर्वक्षितिजावरच्या प्रचंड शाल्मली वृक्षाखाली त्या दिवसाचे गाठोडे ठेवलेले असे, आणि त्यात त्या दिवशीचे सारे जन्म, मृत्यू, पाऊस, विवाह, भांडणे, तापसराई आणि सुगी एकत्र बांधलेली असत. वाहकाने ते पाठीवर घ्यायचे, त्याचा पट्टा कपाळावर टेकवायचा, आणि मान खाली घालून आकाशमार्गाने पश्चिमेस चालू लागायचे. सूर्य त्याच्या मागोमाग येई. गाठोड्यात काय आहे हे वाहकाने पाहायचे नाही आणि गाठ सोडायची नाही, एवढाच नियम होता. वर्षाच्या अखेरचे पाच दिवस मात्र एकट्या कुचकान नावाच्या देवाच्या पाठीवर पडत. देवांतही कामाची वाटणी सरळ कधी होत नाही.

हे पट्टे घायपाताच्या वाखाचे असत आणि ते विणण्याचा मान पृथ्वीवरच्या एका कुळातील स्त्रियांकडे होता. इश्तुल ही त्या कुळातली. तिचा पती मिठागरावर बुडाला, पाठोपाठ दोन पुत्र एकाच वर्षी तापाने गेले; तिघेही वर्षाच्या अखेरच्या त्या पाच दिवसांतच. धाकट्याला मूठमाती दिल्यापासून इश्तुलने डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते. ती वाख कुटी, पीळ घाली, विणी, जेवी, झोपे. गावकरी म्हणत, बाई मोठ्या धीराची. गावकऱ्यांना काय, समोरचा रडला नाही की तो धीराचा आणि आपण समजूत घालण्यातून मोकळे! धीर वगैरे काही नव्हता. तिच्या आत काही शिल्लकच नव्हते, इतकेच.

तिला निकते नावाची एक कन्या उरली होती. निकते म्हणजे त्यांच्या भाषेत चाफ्याचे फूल. पोर बडबडी, हट्टी आणि नको तितकी हसरी होती. वर्ष सरत आले असता तीही तापाने फणफणली. गावच्या दैवज्ञाने तांबड्या बिया पसरून पाहिल्या आणि मान हलवून सांगितले, "इश्तुल, कुचकानाच्या शेवटच्या गाठोड्यात हिचा मृत्यू बांधलेला आहे. उद्या तो ते उचलील."

शेजारच्या घराचे छप्पर गळते असे कोणी सांगावे तसे तिने ते ऐकले. आपल्याला काहीच वाटत नाही, याचेही तिला काही वाटले नाही. पण निकते ही एवढी एकच गोष्ट आता जगात आपली आहे, हे तिला कळत होते. आणि कळण्याला वाटण्याची गरज नसते. तिने नवा पट्टा उचलला, मुलीला शेजारणीच्या हवाली केले आणि ती शाल्मलीकडे निघाली.

पहाटेच्या धूसर प्रकाशात कुचकान त्या महावृक्षाच्या मुळीवर बसला होता. त्याचे स्कंध शिळेसारखे रुंद होते, आणि युगायुगांच्या पट्ट्याने त्याच्या भालप्रदेशावर खोल घळ पडली होती. इश्तुलने पट्टा त्याच्यापुढे ठेवला आणि ती म्हणाली, "देवा, या गाठोड्यातला माझ्या मुलीचा मृत्यू काढून दे. बाकीचे खुशाल घेऊन जा."

"बाई, हे मागणारी तू पहिली नव्हेस," कुचकान म्हणाला. "या वृक्षाखाली राजे लोळले आहेत, महर्षींनी जटा उपटून माझ्या पायांवर घातल्या आहेत. मी कोणासाठीही गाठ सोडली नाही. मी केवळ वाहतो. मी काय वाहतो ते मला ठाऊक नसते, म्हणूनच मला ते वाहता येते."

"माझा नवरा तूच वाहिलास. दोन्ही मुलगे तूच वाहिलेस."

"असेल."

"तुला जड लागले नाहीत?"

कुचकानाने कपाळावरची घळ चाचपली. "इथे मला काही जाणवत नाही. पाठही तशीच. आज तू रडली असतीस, तर मी उठून चालू लागलो असतो. रडणाऱ्यांना ओलांडून जाण्याची मला सवय आहे. पण तू रडत का नाहीस?"

"येत नाही," इश्तुल म्हणाली.

तो देव तिच्याकडे बघत राहिला. त्रैलोक्यात आपल्यासारखे दुसरे कोणी असेल असे त्याला कधी वाटले नव्हते. आणि मग, जे मागून राजेही हात हलवत परतले होते ते त्याने केले. तो वाकला आणि त्याने गाठ सोडली.

इश्तुलने आत हात घातला. निकतेचा मृत्यू तिला शोधावा लागला नाही. त्याला पोरीच्या केसांचा वास येत होता. कच्च्या मातीच्या गोळ्याएवढा तो होता. तिने तो ओच्यात बांधला आणि मागे वळून न पाहता ती घरी आली.

ताप उतरला होता. निकते डोळे उघडे ठेवून बसली होती. इश्तुलने तिला हाक मारली, तेव्हा तिने मान वळवली, पण ओळख दाखवली नाही. मक्याची पेज तोंडात घातली, ती तोंडातच राहिली. शेजारीण दारात उभी होती. ती म्हणाली, "अगं, माझ्या सुनेच्या कळा थांबल्या. मूल ना बाहेर येत, ना पोटात हलत. आणि तिला म्हणून काही त्रास नाही बघ! चुलीत जाळ आहे, पण भाकरी भाजत नाही. हे गं काय?" असे म्हणतानाही तिच्या स्वरात भय नव्हते. सूर्य शाल्मलीच्या शेंड्याला टेकून तिथेच थबकला होता. एक वस्तू काढली आणि उरलेल्यांची एकमेकींवरची पकड सुटली. कुचकानाने ते गाठोडे उचलायचा यत्न केला, दोन पावले टाकली आणि तो वाटेतच खाली बसला.

इश्तुल लेकीसमोर बसली. तिने निकतेला चिमटा काढला, पोर कळवळली नाही. तिच्या आवडत्या पोपटाची नक्कल केली, पोर हसली नाही. ते निर्विकार, स्वच्छ, रिकामे डोळे इश्तुल न्याहाळत राहिली, आणि तिच्या ध्यानात आले की विवराच्या पाण्यावर वाकल्यावर इतकी वर्षे आपल्याला हेच डोळे दिसत आले आहेत. आपण मुलीला वाचवले नाही. आपण तिला आपल्यासारखे केले. हा विचार तिच्या मनात आला, आणि तरीही तिला रडू आले नाही. ती फक्त उठली.

वृक्षाखाली तोवर कालाधिपती नोहोचान अवतरला होता. दिवसांची वाटणी करणारा तोच. त्याच्या क्रोधाने विवरांतले जल उसळत होते आणि अरण्यातली श्वापदे गुहांत दडली होती. "कुचकाना!" तो गर्जला, "वाहकाने गाठ सोडली, तो वाहक राहिला नाही. तू या वाटेवर पाषाण होऊन पडशील. पांथस्थ तुझ्यावर ओझी टेकवतील, पण तू एक पाऊलही चालणार नाहीस. आणि तुझ्या या पाच दिवसांना यापुढे कल्पान्तापर्यंत वाहक मिळणार नाही!" शापाचे शब्द संपताच कुचकान पाषाण झाला. शाप ऐकताना त्याच्या मुखावर काही उमटले नव्हते.

"आणि हा दिवस?" नोहोचान इश्तुलकडे वळला. "जिच्यासाठी गाठ सुटली तिनेच तो वाहावा. पण आधी ओच्यात आहे ते परत ठेव."

"ठेवायलाच आले आहे," इश्तुल म्हणाली. तिने तो गोळा गाठोड्यात ठेवला. बाकीच्या वस्तू सरकून त्याला बिलगल्या आणि तिने गाठ मारली. मग तिने आपणच विणलेला पट्टा कपाळावर घेतला.

तेव्हा वृद्ध नोहोचानाला गहिवर आला. गाठोड्यात काय आहे हे जाणूनही ते उचलणारे कोणी त्याने आजवर पाहिले नव्हते. तो म्हणाला, "कन्ये, मी तुला वर देतो. हे ओझे तुला जाणवणार नाही. तू चालशील, पण तुला काहीच वाटणार नाही."

इश्तुल हसली. पण त्या हसण्यात आनंदाचा मागमूस नव्हता. "देवा, हा वर तर मी कधीची भोगते आहे. तो काढून घे. मला हे जड लागू दे."

"तथास्तु," नोहोचान म्हणाला, आणि तिच्या गुडघ्यांत वाक आला.

सूर्य हलला. एक मर्त्य स्त्री दिवस पाठीवर घेऊन आकाशमार्गाने चालली, आणि पाठ, मान, कपाळ, सगळे तिला एकेक करून दुखू लागले. शेजारणीच्या सुनेला कळा आल्या, बाळ रडले, गाठोडे तेवढे हलके झाले. चुलीवरच्या भाकरीचा वास वर आला. मग आपल्या घराच्या छपराच्या बरोबर वर, आकाशात, ती पोहोचली. खालून पेजेसाठी हट्ट करणारा निकतेचा आवाज तिला ऐकू आला. आईऽ आईऽ म्हणून पोरीने घर डोक्यावर घेतले होते. इश्तुलला थांबावेसे वाटले. पण ती थांबली असती तर आवाजही थांबला असता. तिने पुढचे पाऊल टाकले, पाठीवरून काहीतरी निसटले, आणि घर गप्प झाले.

मग इश्तुल रडली. निकतेसाठी रडली, दोन्ही पुत्रांसाठी, मिठागरावर बुडालेल्या पतीसाठी, आणि वाटेवर दगड होऊन पडलेल्या त्या देवासाठीही. चालता चालता, मोठ्याने, पश्चिमसागर येईपर्यंत. दिवस तिने तिथे उतरवला. पुढे तिचे काय झाले हे कोणी सांगत नाही.

वर्षाच्या अखेरच्या त्या पाच दिवसांना तेव्हापासून वाहक नाही. ते ज्याचे त्याने वाहायचे असतात. या कथेतल्या लोकांनी त्या दिवसांत चूल थंड ठेवण्याची, केस न विंचरण्याची आणि कोणत्याही कामाला आरंभ न करण्याची चाल पाडली. प्रत्येकाने आपल्या दाराशी बसायचे आणि गेलेल्यांची नावे उच्चारायची. त्या दिवसांत ज्याला रडू येते, त्याला कोणीही उगी करत नाही.