एक्केचाळिसावा विडा

फार जुन्या काळची गोष्ट. चैत्र वद्य पंचमी होती; आभाळ कोरडे, वारा पडलेला.

एका नगरात व्यापाऱ्यांचे खटले लढवणारा एक वकील होता. एकोणीस वर्षांत तो एकदाही हरला नव्हता. खटला जिंकला की अशिलाने कचेरीच्या पायरीवर वकिलाला विडा द्यायचा, ही तिथली रीत. त्याचे चाळीस विडे झाले होते.

त्या दिवशी एक वयाने थोरला तांबोळी त्याच्याकडे आला. जमीन त्याची, वेली लावल्या त्याच्या धाकट्या भागीदाराने. आता दोघांत पानमळ्यावरून वाद होता. कचेरीने मळ्याभोवती दोरी बांधली होती. दोघांच्या संमतीवाचून आत कुणी जायचे नाही.

"वकीलबुवा, धाकटा म्हणतो, एक दिवस त्यानं पाणी द्यायचं, एक दिवस मी. तसा कागद करू."

"म्हणजे त्याचा वाटा आहे, हे कबूल करणार?"

"तसं नाही, पण वेली सुकतील हो."

"सुकू द्या थोड्या. पोटच्या पोरांसारख्या वाढवल्यात ना त्यानं? तोच आधी शरण येईल."

तांबोळी हसला. "तुमच्यापुढं यमसुद्धा तारीख मागून घेईल!"

'दोघांचे हक्क राखून पाणी द्यावे,' एवढी एक ओळ पुरली असती, हे वकिलाला ठाऊक होते. तसा कागद त्याने लिहूनही ठेवला. पण धाकटा शरण आल्यावर काढू, म्हणून दप्तरात बांधला.

धाकटा रोज घागर घेऊन दोरीशी उभा राही. एकदा त्याने वकिलाला वाटेत गाठले.

"साहेब, मला हरवा. पण वेलींना पाणी पाजा."

"कचेरीत अर्ज करा."

त्याने अर्ज केला. त्यात तिथी चुकली होती. वकिलाने ती चूक दाखवली आणि अर्ज परत गेला. दुसरा अर्ज सुनावणीला येईपर्यंत वैशाख सरला.

ज्येष्ठ शुद्ध दशमीला निकाल लागला: सगळा मळा थोरल्याचा. दोरी सुटली. वकील स्वतः पाहायला गेला. पांगाऱ्याच्या खोडांना वेली अजून चिकटून होत्या. हात लावताच पानांचा चुरा झाला. धाकट्याने एकेका पेरावर नख ओढून पाहिले. कुठेच हिरवे नव्हते. रिकामी घागर दोरीपाशी ठेवून तो नगर सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी थोरला कचेरीच्या पायरीवर आला. त्याने मूठ उघडली. आत सुपारीचे एक खांड होते.

"रीत आहे म्हणून आलो, वकीलबुवा. पान नाही."

वकिलाने सुपारी घेतली. दप्तरातला कागद तसाच होता.

मळा थोरल्याकडे राहिला. जिवंत वेल एकही नव्हती.

तात्पर्य: ज्यासाठी भांडायचे तेच भांडणात मरू दिले, तर जिंकणाऱ्याच्याही हाती काही उरत नाही.