दक्षिण वेशीवरची तिसरी हाक

पूर्वी रेणुवती नगरीत भद्रसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्माला आले. ते मोठे झाल्यावर नगरमुख्याने त्यांना एक पद दिले. ते पद दुसरे कोणी घेत नसे. ज्यांच्या मागे कोणी नाही, अशा मृतांना दक्षिण वेशीबाहेर पोचवायचे.

त्या नगरीचा एक रिवाज होता. वेशीत तिरडी टेकवून "हिचे कोणी आहे काय?" अशी तीनदा हाक द्यायची. जो ओ देईल तो नातलग ठरे आणि दहन त्याने करायचे. कोणीच ओ दिली नाही, तर देह बाहेरच्या बाभूळबनात तसाच ठेवून यायचा. नगरीच्या सेवकाने ओ दिली, तर त्याचे पद जाई.

हाक देण्याचे काम पिंगल नावाच्या दवंडीवाल्याकडे होते. हाक संपते न संपते तोच तो ढोलावर टिपरू हाणी. असे का, हे त्याला कोणी कधी विचारले नव्हते.

एके दिवशी भर दुपारी कोष्ट्यांच्या आळीतून सालवती नावाच्या म्हातारीची तिरडी आली. तीन दिवस तिचे दार उघडले नव्हते, म्हणून शेजाऱ्यांनी कळवले होते. वारा पडलेला होता. एक पान हलत नव्हते. बोधिसत्त्वांना वाटले, समोरचे बन कान देऊन ऐकते आहे.

पिंगलने पहिली हाक दिली, टिपरू हाणले आणि ढोलाचे कातडे टर्रकन फाटले.

"मेलं हे!" असे पुटपुटत त्याने दुसरी हाक नुसतीच दिली.

त्या शांततेत बारीक आवाज आला. "आहे."

आवाज तिरडीवरून आला होता. खांदेकरी पळत सुटले.

"दादा, हात लावू नका! भूत आहे ते!" पिंगल ओरडला.

बोधिसत्त्वांनी तोंडावरचे वस्त्र बाजूला केले. सालवतीचे डोळे उघडे होते. भुकेने ओठ काळे पडले होते.

"माझी मीच आहे रे बाबा," ती म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

गलका ऐकून नगरमुख्य रोहितक आला आणि दूरच उभा राहिला. "तिरडीवर बांधलेलं माणूस परत फिरलं, तर नगरीवर अरिष्ट येईल. पिंगल, तिसरी हाक दे. मग न्या बाहेर."

"ती जिवंत आहे, स्वामी," बोधिसत्त्व म्हणाले.

"किती वेळ? तू मात्र तरुण आहेस. पद घालवू नकोस."

पिंगलला हाक देववेना. तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, मागंही कधी कधी असं ऐकू यायचं. भुतं आहेत असं वाटायचं. म्हणून तर लगेच ढोल बडवायचो."

बोधिसत्त्वांनी बनाकडे पाहिले. भर उन्हात त्यांच्या अंगावर काटा आला. तिसरी हाक त्यांनी स्वतःच दिली, आणि ओही स्वतःच दिली. "आहे. मी हिचा मुलगा."

तेव्हा बाभळींमधून एकामागून एक थकलेले, म्हातारे आवाज उठले. "आणि आमचं?"

रोहितकानेही ते ऐकले.

"तुमचाही मीच," बोधिसत्त्व म्हणाले. "पण आधी आईला पेज पाजून येतो."

पद गेले. सालवतीला पाठीवर घेऊन त्यांनी घरी आणले. मग भट्टीसाठी रचलेली लाकडे घेऊन ते बनात गेले आणि सात दिवस एकेका देहाला अग्नी देत राहिले. प्रत्येक चितेबरोबर एक आवाज निवत गेला. हे राजाच्या कानी गेले. त्याने रिवाज बदलला. नगरीच्या सेवकाने एकट्या वृद्धांच्या दाराशी रोज सकाळी हाक द्यावी, आणि ओ आली नाही तर दार उघडून आत जावे. ज्याला कोणी नाही, त्याची चिता नगरीने रचावी.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, विहारात आज एकटाच आजारी पडलेला जो वृद्ध तुम्ही पाहिलात, तोच तेव्हाची सालवती होता. शेजारच्या कुटीत त्याचे कण्हणे ऐकून अधिक मोठ्याने पाठ म्हणणारा भिक्षू पिंगल होता. तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद भिक्षू होता. ओ देणारा तो मीच. त्या जन्मी मी मैत्रीची पारमिता, म्हणजे परिपूर्ण मैत्री, आचरली."