उद्यापनाच्या सुवासिनी

एक होतं नगर. तिथला राजा फार मानी. शेजारच्या राजानं लग्नात मानाचा विडा आधी दुसऱ्यालाच दिला, एवढ्यावरून यानं युद्ध पुकारलं. मागच्याच लढाईत निम्म्या घरांतली कुंकवं पुसली गेली होती.

सैन्य निघालं, तशी ओवाळायला म्हाळसाबाई पुढे आली. तिचा नवरा पहिल्याच रांगेत होता. तिनं राजाला हात जोडले. “महाराज, ही लढाई थांबवा.”

राजा हसला. “बाई, तू सोळा सोमवार धरतेस, ते मध्येच सोडतेस का? युद्ध हे माझं व्रत आहे!”

“व्रत आहे होय? मग उद्यापनही करावं लागेल, महाराज. पाच सुवासिनी जेवायला बसवाव्या लागतील. लढाई संपल्यावर त्या कुठून आणणार, तेवढं सांगा. आमच्या आळीत आज मी एकटीच उरलेय.”

राजा घोड्यावरून उतरला आणि म्हणाला, “घरी जा सगळे.”

पुसलेली कुंकवं काही परत आली नाहीत. पण देवा, म्हाळसाबाईचं माणूस जसं लढाईच्या वाटेवरून माघारी फिरलं, तसं सगळ्यांचं फिरो.